वॅट की टेम्परेचर कंट्रोल? आधी तार कोणती ते पाहा

प्रश्न : मी दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढायचो. व्हेपवर (ई-सिगारेटवर) आल्यापासून सिगारेटला हात लावलेला नाही. सध्या मॉड (बॅटरीचं यंत्र) आणि टँक (लिक्विडची टाकी) वापरतो. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, तयार मिळणारी आहे, तिच्यावर ‘एसएस ३१६एल, ०.५ ओहम, ३० ते ४५ वॅट’ असं छापलंय. मी ती ५५ वॅटवर चालवतो, कारण त्याखाली समाधान होत नाही. लिक्विड दर मिलीला ३ मिलिग्रॅम निकोटिनचं, भरपूर वाफ देणारं. दिवसाला १५ मिली तरी संपतं. मधूनच एखादा झुरका करपट लागतो आणि घसा धरतो. मित्र म्हणाला, टेम्परेचर कंट्रोलवर (टीसीवर) टाक, ते सुरक्षित असतं. टाकलं. स्क्रीनवर ‘निकेल’ आणि २२० अंश दिसतं, पण फरक काहीच नाही. परवा तर नेहमीपेक्षा वाईट करपलं. मग टीसीचा फायदा काय? वॅटच बरं का? आणखी एक. धाकटा भाऊ सिगारेट ओढत नाही, पण ‘टीसी सुरक्षित आहे ना, मग मलाही एक घेऊन दे’ म्हणून मागे लागलाय. त्याला काय सांगू?

उत्तर : सिगारेट सुटली हे फार चांगलं झालं. पुढे जे काही लिहीन त्याने घाबरून परत पाकिटाकडे जाऊ नका. तुमच्या अडचणीला इलाज आहे आणि तो अवघडही नाही.

तुमच्या यंत्रात टीसी आजवर एकदाही चाललेलं नाही. स्क्रीनवर टीसी लिहिलेलं दिसतं, पण आत तापमानावरचा पहारा बसलेलाच नाही. कारण तुम्हीच लिहिलंय: कॉइल ३१६एल स्टीलची आणि सेटिंग निकेलचं.

मॉडच्या आत कॉइलला टेकवलेला थर्मामीटर नसतो. यंत्र तापमान मोजत नाही, ओळखतं. धातूची तार तापली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, आणि किती अंशांना किती वाढतो हे प्रत्येक धातूचं ठरलेलं असतं. थंड असताना तारेचा रेझिस्टन्स किती होता हे यंत्र लक्षात ठेवतं, झुरका घेताना तो किती वाढला हे क्षणाक्षणाला पाहतं आणि त्यावरून तापमानाचा हिशोब मांडतं. ठरवलेला आकडा आला की वीज कमी करतं. टीसीचं सगळं काम एवढ्यावर चालतं.

आता हा हिशोब तुमच्या कॉइलला लावून पाहू. निकेलचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.६ टक्क्याने वाढतो. ३१६एल स्टीलचा वाढतो जेमतेम ०.०९ टक्क्याने. वीस अंशांपासून २२० अंशांपर्यंत तापवलं, तर निकेलच्या तारेचा रेझिस्टन्स मूळच्या २.२ पट होतो, तुमची ०.५ ओहमची स्टीलची कॉइल मात्र ०.५९ वरच येते. तुम्ही यंत्राला ‘ही निकेल आहे’ असं सांगितलंय, म्हणून ते १.१ ओहमची वाट बघत बसलंय. स्टीलला तिथवर जायचं तर तेराशे अंशांच्या पुढे तापावं लागेल. तेवढ्या उष्णतेत स्टील वितळायच्या बेताला येतं. म्हणजे वीज कमी करायची वेळ तुमच्या यंत्रावर कधी येतच नाही. शिवाय बहुतेक मॉडमध्ये टीसीसाठी वॅटची मर्यादा वेगळी ठेवलेली असते आणि ती कित्येकदा वॅटमोडपेक्षा वर असते. परवाचा झुरका नेहमीपेक्षा जास्त करपला तो बहुधा यामुळेच. सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा पाहा. ६० किंवा ७० असेल तर ४० वर आणा.

मग वॅटमोडमध्ये नेमकं काय होतं? तिथे यंत्र कॉइलला ठरलेली शक्ती देत राहतं, तापमानाशी त्याला देणंघेणं नसतं. तरीही एरवी कॉइल करपत नाही, कारण तापमान लिक्विडच आटोक्यात ठेवतं. पातेल्यात पाणी आहे तोवर खाली आच कितीही मोठी असो, पातेलं शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की मात्र बूड करपायला वेळ लागत नाही. कॉइलचंही तसंच. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापसाची वात ओली असेपर्यंत तारेची उष्णता या दोघांची वाफ करण्यात खर्च होते. वात सुकली की तीच शक्ती थेट तार आणि कापूस तापवू लागते, आणि तापमान क्षणात शेकडो अंशांनी चढतं. ड्राय हिट म्हणतात तो हाच.

तुमची वात का सुकते तेही पत्रातच आहे. कॉइलवर ४५ ची मर्यादा छापलेली असताना तुम्ही ५५ देता. भरपूर वाफेचं लिक्विड म्हणजे त्यात ग्लिसरीन जास्त. ते दाट असतं, कापसातून हळू सरकतं. त्यात दिवसाला १५ मिली संपतं म्हणजे तुम्ही एकामागून एक झुरके घेत असणार. तार जितक्या वेगाने लिक्विड उडवते तितक्या वेगाने वातीला ते पोचवता येत नाही.

करपट चव लागते तो नुसता चवीचा प्रश्न नाही. हे द्रव अती तापले की त्यांचे रेणू तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड, ॲक्रोलिन अशी घातक रसायनं तयार होतात. प्रयोगांमध्ये पहिली दोन साधारण सव्वादोनशे अंशांच्या आसपास लक्षात येण्याइतकी दिसू लागतात, ॲक्रोलिन त्याच्या बरंच पुढे, पावणेतीनशेच्या सुमाराला. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ॲक्रोलिन घसा आणि फुफ्फुसांची जळजळ करतं. घसा धरतो असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

या विषयावर २०१५ साली मोठा वाद झाला होता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचं पत्र छापून आलं. एकाच यंत्रातून ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड धरून ठेवणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला मात्र भरपूर सापडली, असं त्यात होतं. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी अनुभवी व्हेपरांना सोबत घेऊन दाखवून दिलं की एवढं प्रमाण ड्राय हिटच्या अवस्थेत येतं, आणि ती चव इतकी असह्य असते की माणूस तो झुरका घेतच नाही. मला दोन्ही बाजूंमधून एकच धडा महत्त्वाचा वाटतो: शक्ती आणि सुकी वात एकत्र आली की धोका उडी मारतो. जीभ पहारेकरी म्हणून चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. गोड, जड फ्लेवर सुरुवातीची करपट झाक झाकून टाकतो, आणि तुम्हाला तर ती चव अधूनमधून लागतेच आहे. म्हणजे मर्यादा आधीच ओलांडली गेलीय.

नेमक्या या एका धोक्यासाठी टीसी उपयोगी आहे. २०१४ मध्ये इव्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या ‘डीएनए ४०’ चिपने ते हातातल्या मॉडमध्ये आणलं, तेव्हा त्यात फक्त निकेलची तार चालायची. पुढे टायटॅनियम आणि स्टील आलं. कित्येक यंत्रांत अजूनही टीसीत गेलं की पहिला पर्याय निकेलचा येतो, आणि तुमच्यासारखी गफलत होते.

आता सेटिंग करू. टँक काढा आणि कॉइल पूर्ण गार होऊ द्या. शेवटच्या झुरक्यानंतर निदान दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यात. टँक खोलीच्या तापमानाला आला की मॉडवर बसवा. नवी कॉइल का जुनी, असं विचारलं तर ‘नवी’ म्हणा. मेनूत एसएस (स्टेनलेस स्टील) किंवा एसएस ३१६ निवडा. रेझिस्टन्सचा आकडा स्थिर दिसला की तो लॉक करा. गार कॉइलचा आग्रह मी उगाच धरत नाही. समजा कॉइल साठ अंशांना कोमट असताना यंत्राने तिचा रेझिस्टन्स घेतला आणि तोच वीस अंशांचा आहे असं धरून चाललं, तर तुम्ही २२० म्हणाल तेव्हा तार प्रत्यक्षात २६० च्या वर पोचेल. घाईत बदललेला टँक टीसीला अशा रीतीने फसवतो, आणि तेही धोक्याच्या दिशेने.

सेटिंग बरोबर झालं का याची एक सोपी परीक्षा आहे. तापमान सगळ्यात खाली, शंभर अंशांवर आणा आणि ओल्या कॉइलवर दोन सेकंद बटण दाबा. वाफ जवळजवळ येता कामा नये. एवढ्याशा तापमानाला यातलं काहीच उकळत नाही. ढग निघाले तर समजा की यंत्राला तार ओळखता आलेली नाही आणि टीसीवर विसंबू नका. परीक्षा पास झाली की दोनशे अंशांवर सुरू करा. चव, वाफ कमी वाटली तर पाच-पाच अंशांनी वर जा. २२० च्या पुढे जाण्याचं कारण मला दिसत नाही. यंत्रावर आकडा ३१५ पर्यंत चढवता येतो, पण अडीचशेच्या आसपास कापूसच करपायला लागतो; मग पहारा ठेवायचा कशावर?

नीट बसलेल्या टीसीत मधेच वाफ क्षीण होईल आणि स्क्रीनवर तापमान संरक्षणाचा शब्द चमकेल. लोक याला यंत्राचा दोष समजतात आणि वैतागून वॅटमोडवर परततात. तो दोष नाही. वात सुकत चाललीय आणि यंत्राने हात आखडता घेतलाय. झुरका थांबवा, अर्धा मिनिट जाऊ द्या, टँकमध्ये लिक्विड आहे का पाहा.

टीसीलाही मर्यादा आहेत आणि तुमच्या मित्राने त्या सांगितल्या नाहीत. ते सगळ्या तारेचा सरासरी रेझिस्टन्स पाहतं. कापसाचा एखादा कोपरा सुकून तिथली तार लाल झाली आणि बाकीची ओली राहिली, तर सरासरी फारशी हलत नाही आणि यंत्राला पत्ता लागत नाही. स्टीलच्या कॉइलला रेझिस्टन्सची वाढ मुळातच थोडी, त्यामुळे ०.०१ ओहमची चूक झाली तरी हिशोब वीस-पंचवीस अंशांनी चुकतो. टँक आणि मॉडच्या जोडावर लिक्विड साचलं, आटे सैल राहिले, तर तेवढी चूक सहज होते. आठवड्यातून एकदा तो जोड अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून कोरडा करत जा. आणि कँथल किंवा निक्रोम या मिश्रधातूंच्या कॉइलवर टीसी लावूच नका. त्यांचा रेझिस्टन्स तापूनही जवळजवळ तसाच राहतो, यंत्राला काही कळत नाही. बाजारातल्या बऱ्याच तयार कॉइल कँथलच्या असतात, म्हणून वरचं लेबल वाचल्याशिवाय मोड बदलू नये.

याच्या उलटही एक इशारा देतो: निकेल किंवा टायटॅनियमची कॉइल हाती आली तर ती वॅटमोडमध्ये चालवू नका आणि साफ करण्यासाठी कोरडी लाल तापवू तर अजिबात नका. हे धातू फक्त टीसीसाठी आहेत. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी निकेलपासून लांबच राहावं.

तर वॅटमोड वाईट का? नाही. छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकावर, ओल्या वातीवर, दोन-तीन सेकंदांच्या झुरक्यांनी चालवलेला वॅटमोड मला चुकीच्या सेटिंगमधल्या टीसीपेक्षा कितीतरी बरा वाटतो. तुमच्या कॉइलला ३० वॅटपासून सुरुवात करा, दोन-दोन वॅट वाढवा, चव भरली की थांबा. नवी कॉइल बसवली की कापसावर चार थेंब सोडा, टँक भरा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. टँक तळाला जाऊ देऊ नका. एवढं पाळलं आणि वर नीट बसवलेलं टीसी असलं, तर तुमच्या यंत्राकडून जेवढी सुरक्षितता मिळू शकते तेवढी मिळेल. तुमची कॉइल स्टीलची आहे, ती दोन्ही मोडमध्ये चालते, म्हणून माझा कौल टीसीला.

पण खरी गोम मला मोडमध्ये दिसत नाही. ती ‘त्याखाली समाधान होत नाही’ या तुमच्या वाक्यात आहे.

पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या माणसाला ३ मिलिग्रॅमचं लिक्विड पातळ पडतं. शरीर आपला निकोटिनचा वाटा वसूल करतंच: झुरके लांब होतात, संख्या वाढते, वॅट चढतात. तुमच्या १५ मिलीमध्ये दिवसाला ४५ मिलिग्रॅम निकोटिन जातंय. तेच १२ मिलिग्रॅमच्या लिक्विडच्या चार मिलीत ४८ येतं. निकोटिन जवळपास तेवढंच, पण तापवून छातीत घेतलेलं द्रव एक तृतीयांशाहून कमी. लोकांना वाटतं निकोटिनचा आकडा खाली आणला की धोका खाली येतो. व्हेपच्या बाबतीत हे बरेचदा उलटं पडतं. निकोटिन व्यसन लावतं, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, ते निरुपद्रवी नाही. पण तुमच्या घशाला जे टोचतंय ते जास्त करून तापलेल्या द्रवातून येतंय.

म्हणून माझा सल्ला असा: १ ओहमच्या वरची, तोंडात ओढून मग आत घ्यायची कॉइल वापरा. ती १० ते १५ वॅटवर चालते आणि वाफ थोडी देते. तिच्यासोबत १० किंवा १२ मिलिग्रॅमचं, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन समसमान असलेलं लिक्विड घ्या. हे लिक्विड तुमच्या आताच्या टँकमध्ये ५५ वॅटवर चुकूनही घालू नका. डोकं गरगरेल, मळमळेल, छाती धडधडेल. ही लक्षणं नव्या कॉइलवरही दिसली तर निकोटिन जास्त होतंय, खाली या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. दोन-तीन महिन्यांत नवी सवय बसली की मग निकोटिन पायरीपायरीने उतरवा, पण वॅट न वाढवता. ते जमलं की व्हेप सोडायचीही तारीख ठरवता येईल.

लिक्विडबद्दलही सांगायला हवं, कारण त्याच्या बाबतीत कुठलाच मोड उपयोगाचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले ६८ दगावले. मुख्य कारण म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट पुढे आलं. ते प्रामुख्याने चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या व्हेप-काडतुसांत (कार्ट्रिजमध्ये) मिसळलेलं होतं. तापमान अचूक दोनशे असतं तरी त्या माणसांचं काही वाचलं नसतं. लोण्याची चव आणणारं डायसेटिल, तेलात विरघळवलेले अर्क, लेबल नसलेल्या बाटल्या, यांपासून लांब राहा. सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घातलेली अती गोड लिक्विडंही टाळा; ती तारेवर काळा थर चढवतात आणि त्या थरामुळे वात लवकर मरते. बऱ्याच देशांत या यंत्रांच्या विक्रीवर बंदी किंवा कडक नियम आहेत. तुम्ही राहता तिथला कायदा नीट माहीत करून घ्या, कारण बंदी असते तिथे मिळणाऱ्या बाटलीत काय आहे याची हमी कुणीच घेत नाही.

आणि बॅटरी. १८६५० या मापाच्या सुट्या सेल असतील तर त्यांचं वरचं प्लॅस्टिक फाटलेलं नाही ना ते पाहत जा, खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत त्या कधी ठेवू नका. तुमच्यासारख्या नियंत्रित मॉडमध्ये बॅटरीवरचा ताण वॅटवर ठरतो, त्यामुळे ५५ वरून खाली आलात की तिथेही भार हलका होईल.

आता भावाबद्दल. त्याला स्पष्ट नाही म्हणा. सिगारेट ओढणाऱ्याने पूर्णपणे व्हेपवर जाणं फायद्याचं असतं, कारण सिगारेटमध्ये जळणाऱ्या तंबाखूचा धूर जातो. झुरक्याच्या वेळी तिचं टोक नऊशे अंशांच्या आसपास तापतं आणि हजारो रसायनं बाहेर पडतात. तुमचं नुकसान कमी झालं ते त्या धुराच्या तुलनेत. तुमचा भाऊ स्वच्छ हवा घेतोय. त्याच्या बाबतीत कमी करायला काहीच नाही, फक्त वाढवायला आहे. निकोटिनचं व्यसन नव्याने लागेल, आणि ते सुटायला किती कठीण असतं हे घरात तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? टीसी एका चुकीपासून वाचवतं, तीही सगळ्या वेळी नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द त्याने तुमच्या तोंडून उचललाय, तेव्हा तो तुम्हीच परत घ्या. पाकीट सुटायला किती त्रास झाला, दिवसभर यंत्र हातात का असतं, घसा कसा धरतो, हे सगळं त्याला बसवून सांगा. एक झुरकाही चाखायला देऊ नका. बहुतेक मॉड बटण पाच वेळा दाबलं की बंद किंवा लॉक होतात. बाजूला ठेवताना ते करत जा. आणि लिक्विडच्या बाटल्या बंद कपाटात असू द्या, कारण निकोटिन पोटात गेलं तर विष आहे आणि लहान मुलांना ते फार थोडंही पुरतं.